दोन वर्षांच्या पोरानं टोकियो का बघू नये?

इस्लामपुरातल्या एखाद्या तरुण जोडप्यानं घरात नुसतं बोलून दाखवावं, की आम्ही टोकियो बघायला चाललोय आणि पावणेदोन वर्षांच्या लेकराला बरोबर नेणार आहोत. सल्ले मागावे लागत नाहीत. "एवढ्याशा लेकराला घिऊन एवढ्या लांब? त्येला काय ध्यानात ऱ्हाणार हाय?" हा पहिला. "जरा मोठं हू द्या की, जपान कुठं पळून चाललंय व्हय?" हा दुसरा. तिसरा शिकल्यासवरल्या नातेवाइकाचा असतो: जपानी माणसं शांत, शिस्तीची, मेट्रोत पोरानं भोकाड पसरलं तर तुम्हालाच खाली मान घालावी लागेल. चौथा पैशाचा. तो बहुधा आजोबांकडून येतो, आणि एवढ्या पैशात विहिरीवरची मोटर आणि पाइपलाइन दोन्ही झालं असतं, असा हिशेब त्याला जोडलेला असतो.

सल्ले मायेपोटी येतात, यात शंका नाही. पण मायेनं दिलेला सल्लाही चुकू शकतो, आणि हे चारही चुकलेले आहेत.

आधी एक साधी गोष्ट तपासू. हेच सल्लागार जावळ काढायला वर्षाच्या आतल्या पोराला जोतिबाच्या डोंगरावर नेतात. चैत्रातलं ऊन, गुलाल, चांगभलंचा गजर, सासनकाठ्या, दर्शनाची रांग आणि एका टेम्पोत कोंबलेली सगळी भावकी. गुलालानं माखलेलं पोर बिचारं टाहो फोडत असतं. त्याला यातलं काय आठवणार, असं तिथं कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नसतं. पोराला देवाच्या पायावर घालायचं असतं, पाव्हण्यारावळ्यांनी एकत्र यायचं असतं, पुरणपोळी खायची असते. तो प्रवास पोराच्या आठवणीसाठी केलेलाच नसतो. मग ही आठवणीची परीक्षा टोकियोच्या वेळीच कुठून निघते?

दुसरं उदाहरण आणखी जवळचं आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला, की बीडकडची ऊसतोड कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमधून वाळवा तालुक्यात उतरतात. साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याच्या आसपास, कृष्णाकाठच्या फडांलगत त्यांच्या कोप्या पडतात. त्या गाड्यांत भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यांवर दीड-दोन वर्षांची पोरं बसलेली असतात. पहाटेच्या थंडीत आई-बाप कोयता चालवतात तेव्हा ती बांधावर झोपलेली असतात. तीनेकशे किलोमीटरच्या त्या प्रवासाला 'पोर लहान आहे, पुढच्या वर्षी या' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे लहान पोरानं लांबचा प्रवास करू नये, हा आपला नियम कधीच नव्हता. देवासाठी चालतो, पोटासाठी चालतो. नुसतं बघायला जायचं म्हटलं, की आपल्याला पोराची दया येते. खरा आक्षेप पोराच्या हालांना नाही. आई-बापांच्या, त्यातही आईच्या हौसेला आहे. बाळंतपणानंतर बाईनं चार-पाच वर्षं कुठं जायचं नसतं, हे उघड बोलायची सोय राहिली नाही, म्हणून पोराची आठवण पुढं केली जाते.

मराठी मुलखातल्या बाईनं तान्ह्याहून थोडं मोठं लेकरू घेऊन समुद्र ओलांडल्याला आता दीडशे वर्षं होत आली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. नवरा आदल्या वर्षी वारलेला, प्रवास आगबोटीचा. त्या शिकायला गेल्या होत्या, हिंडायला नव्हे, हे खरं. पण पोर लहान आहे म्हणून त्या थांबल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. आजच्या जोडप्याला तर फक्त विमानात आठ-नऊ तास बसायचं आहे. त्यात पोराचे हाल झालेच तर ते विमानात कमी आणि पेठ नाक्यावरून मुंबईच्या विमानतळापर्यंत जाताना जास्त होतील. सहापदरीकरणाची वळणं, ढाब्यावरची ओली स्वच्छतागृहं आणि लंगोट बदलायला गाडीची मागची सीट, ही त्या रस्त्याची कहाणी या भागातल्या प्रत्येक आईला पाठ आहे.

आता आठवणीचा मुद्दा सरळ घेऊ, कारण तो अगदीच पोकळ नाही. मोठ्या माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, हे मानसशास्त्रानं पुष्कळ तपासलेलं आहे. पण म्हणून लहान पोराच्या डोक्यात काही टिकतच नाही, असं मात्र निघत नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात कॅरोलिन रोव्ही-कोलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांवर बरीच वर्षं प्रयोग केले. त्यातला एक आगगाडीचा होता. मुलासमोर एक दांडी. ती दाबली की खेळण्यातली गाडी रुळावरून धावते. हे शिकलेल्या पोराला काही काळानं पुन्हा त्याच गाडीसमोर बसवायचं आणि ते आपण होऊन दांडी दाबतं का, हे बघायचं. सहा महिन्यांच्या मुलांच्या ते दोन आठवडे लक्षात राहिलं, दीड वर्षाच्या मुलांच्या तेरा आठवडे. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने. मे महिन्यात टोकियोत बघितलेली गाडी श्रावणातही त्या पोराच्या डोक्यात धावत असू शकते. विसाव्या वर्षी ती नसेल, कबूल. पण आठ दिवसांत चार शहरं उरकून आलेल्या काकांना तिसऱ्या दिवशी बघितलेलं देऊळ कोणत्या गावातलं, हे मोबाइलमधले फोटो चाळल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांना कुणी म्हणत नाही, की तुम्ही कशाला गेलात.

आठवण नाही म्हणून अनुभव फुकट, हे तर्कट लावायचं तर पोराला पहिली दोन-तीन वर्षं गोष्टी सांगू नयेत, अंगाईही म्हणू नये. तसं कुणी करत नाही.

'मोठं होऊ द्या' या सल्ल्यात आणखी एक गोम आहे: तो महाग पडतो. विमानात दोन वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा नसते आणि आंतरराष्ट्रीय तिकीट मोठ्यांच्या साधारण दहा टक्के पडतं. दुसरा वाढदिवस झाला, की जागा घ्यावी लागते आणि तिकिटाचा बराचसा भाग मोजावा लागतो. जपानी रेल्वेत सहा वर्षांखालच्या मुलांना, एका मोठ्या माणसामागं दोघांपर्यंत, तिकीट नाही. अट एवढीच, की आरक्षित डब्यात त्यांनी वेगळी जागा अडवायची नाही. आपल्या एस.टी.तही पाच वर्षांखालचं पोर फुकट जातं, तसंच हे. उएनोच्या प्राणिसंग्रहालयात मोठ्यांना ६०० येन पडतात, प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना काही नाही. येन पंचावन्न-साठ पैशांच्या घरात धरला तर हे साडेतीनशे रुपयांच्या आसपास जातं. बऱ्याच जपानी हॉटेलांत शाळेत न जाणारं मूल आई-बापांच्याच अंथरुणात झोपणार असेल तर त्याचं भाडं घेत नाहीत. तिथं मुलाला कुशीत घेऊन झोपणं ही रीतच आहे. आणि शाळा सुरू झाली की काय होतं? मे नाही तर दिवाळी. म्हणजे सगळा महाराष्ट्र निघतो तेव्हाच निघायचं आणि चढ्या दरानं तिकिटं काढायची. बालवाडीच्या आधीच्या पोराला ऑक्टोबरातला आठवडा चालतो, एप्रिलमधलाही चालतो. आजोबांचा मोटरीचा हिशेब मान्यच आहे. पण जायचं ठरलंच असेल तर आकडे पोर लहान असण्याच्या बाजूनं पडतात.

शिस्तीच्या देशात पोर रडलं तर काय, हा तिसरा सल्ला सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा आहे. तो जपानला एक भला मोठा, चिडीचूप दिवाणखाना समजतो. तिथल्या शांततेचं आपल्याकडं इतकं कौतुक होतं, की तीवरून झालेली भांडणं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. नागानो शहरात २०२३ मध्ये मुलांची एक बाग बंद करण्यात आली. आवाजाची तक्रार शेजारच्या एका घरानं केली होती आणि त्यावरून देशभर वाद पेटला. टोकियोत पाळणाघराला विरोध करणारे शेजारी ही जुनी डोकेदुखी. शेवटी टोकियो महानगर सरकारनं २०१५ मध्ये आपला नियम बदलला आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांचे आवाज ध्वनिमर्यादेच्या मोजमापातून वगळले. लहान पोराचं रडणं-ओरडणं म्हणजे भोंगा नव्हे, हे कायद्यात लिहावं लागलं. म्हणजे आपल्या नातेवाइकांची भीती अगदीच निराधार नाही. पण त्या भीतीला टोकियोनं उत्तर दिलं ते मुलांना घरी बसवून नव्हे, नियम बदलून.

बाबागाडीचंही तेच. एके काळी गर्दीच्या गाडीत ती घडी करून हातात धरायची आणि दुसऱ्या हातानं पोर सांभाळायचं, अशी अपेक्षा आईकडून असे. वाद बराच चालला. २०१४ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या समितीनं ठरवून टाकलं, की घडी न करता बाबागाडी गाडीत आणायला हरकत नाही, आणि त्यासाठी एक खूण काढली. निळ्या पाट्यांवरची ती बाबागाडी आता डब्याडब्यात दिसते. मुलांच्या आई-बापांनी मागणी लावून धरल्यावर टोकियो महानगराच्या भुयारी रेल्वेनं २०१९ मध्ये ओएदो मार्गावर लहान मुलांच्या कुटुंबांसाठी डब्यात जागा राखली आणि भिंतींवर थॉमस नावाच्या इंजिनाची चित्रं लावली. लिफ्ट आणि उतार यांचा आग्रह २००६ च्या कायद्यानं धरला. त्या कामासाठी २०२३ पासून टोकियोतल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी तिकिटामागं १० येन जादा घ्यायला सुरुवात केली. दर प्रवासी, दर फेरी. लिफ्ट कधीच न वापरणारा तरुणही ते भरतो.

हे सगळं जपान्यांच्या रक्तातल्या सौजन्यातून उगवलेलं नाही, हे एवढ्यासाठी सांगायचं, की आपल्याकडचे जपानभक्त नेमकं तेच सांगत असतात. त्या देशात मुलंच कमी झाली आहेत. २०२४ मध्ये तिथं सात लाखांहून कमी मुलं जन्मली. टोकियोत तर एका बाईमागं सरासरी एक मूलही नाही. मुलांसाठी वेगळं सरकारी खातं उघडलं ते एप्रिल २०२३ मध्ये. सोयी आधी आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिथलीच माणसं म्हणतात. पण पाहुण्या कुटुंबाला आज त्या तयार मिळतात, आणि लहान पोर बरोबर असल्याशिवाय त्या दिसतसुद्धा नाहीत. एकट्यानं हिंडणारा माणूस जिना चढून निघून जातो. पोटावर पोर आणि हातात बाबागाडी असलेला माणूस लिफ्ट शोधतो, लंगोट बदलायची खोली शोधतो, दूध कोमट करायला गरम पाणी शोधतो, आणि ते डिपार्टमेंट स्टोअरच्या एखाद्या मजल्यावर मिळतं तेव्हा त्याला शहर कळायला लागतं.

म्हणूनच बेत पोरामुळं बिघडत नाही. मुळात बेतच चुकीचा असतो. आठ-दहा दिवसांत टोकियो, फूजी, क्योतो, नारा, हिरोशिमा, ओसाका, सकाळी आठला बस तयार, हा आपल्याकडच्या सहलींचा साचा. त्यात दोन वर्षांचं पोर बसवलं तर ते रडणारच. त्याचं रडणं हे त्या सहलीचं अगदी नेमकं परीक्षण समजावं. एकच शहर धरावं. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी मुक्कामाजवळची बाग. जपानचं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास आहे, हेही पथ्यावरच पडतं: घरी सातला उठणारं पोर पहिले काही दिवस तिथल्या साडेदहाला उठतं, तोवर सकाळची ती प्रसिद्ध चेंगराचेंगरी ओसरलेली असते.

मग बघायचं काय? इस्लामपूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर ताकारी नाही तर कराड. त्या गावच्या पोराला टोकियोत पहिल्यांदा न्यावं निप्पोरी स्टेशनाजवळच्या पुलावर. खालून रुळांच्या रांगाच्या रांगा जातात. वीसेक प्रकारच्या, दिवसाला सुमारे अडीच हजार गाड्या. पुलाला मुद्दाम एक सज्जा काढला आहे, कारण तिथं गाड्या बघायला लहान मुलं येतात हे पालिकेला ठाऊक आहे. तिकीट नाही, रांग नाही. शिनकानसेन खालून जाते तेव्हा पोर जे ओरडतं त्याकडं कुणी वळून बघत नाही, कारण शेजारचंही ओरडतच असतं. दुसरी मजा युरिकामोमे नावाच्या गाडीत. १९९५ पासून ती चालकाशिवाय धावते, त्यामुळं सगळ्यात पुढच्या काचेला नाक लावून बसता येतं आणि खाडीवरच्या पुलावरून आपणच गाडी हाकतोय असं वाटतं. पोराला वाटतं म्हणायचं; बापालाही तसंच वाटतं.

उएनोला गेल्यावर आपल्याकडचा माणूस कुरकुरतो, हत्ती बघायला जपानला कशाला यायचं? या एका प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर आहे, की तो विचारला गेला पाहिजे. १८८२ मध्ये उघडलेलं हे जपानातलं सगळ्यात जुनं प्राणिसंग्रहालय. १९४३ मध्ये, बाँबहल्ल्यात जनावरं मोकाट सुटतील या भीतीनं, इथले वाघ-सिंह-अस्वलं मारून टाकण्यात आली. तीन हत्ती होते, त्यांना उपाशी ठेवून मारलं. युद्ध संपल्यावर ज्या मुलांनी हत्ती कधी बघितलाच नव्हता त्यांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्रं लिहिली, की आम्हाला हत्ती द्या. नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण धाडली, तिला आपल्या मुलीचं इंदिरा हे नाव दिलं, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये ती टोकियोत उतरली. १९८३ पर्यंत ती तिथं होती. ज्या शहरात मुलांनी हट्ट धरला आणि भारतानं तो पुरवला, त्या शहरात भारतातल्या एका लहान पोरानं हत्तीसमोर तासभर उभं राहायचं नाही तर कुणी राहायचं? दोन वर्षांच्या पोराला हा इतिहास कळणार नाही. आई-बापांना कळेल. त्या तासाभरात त्यांना दुसरं काही करायचंही नसतं, म्हणून जरा जास्तच कळेल.

टोकियोतली मराठी माणसं हे सगळं आधीपासून करत आलेली आहेत, फक्त त्याला ती पर्यटन म्हणत नाहीत. २००० च्या सुमारास संगणकांच्या त्या 'वायटूके' घोळाच्या निमित्तानं भारतीय इंजिनिअर टोकियोत गेले आणि एदोगावा विभागातल्या निशी-कासाईला स्थिरावले; तोझाई मार्गावरून कचेऱ्यांच्या भागात थेट जाता येतं, हे कारण. भारतीय शाळा निघाल्या, तूरडाळीची दुकानं निघाली. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या विभाग परिषदेवर निवडून आले. या वस्तीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर ग्योसेन बाग आहे. तिच्यात एक छोटं प्राणिसंग्रहालय आहे, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. थोडं पुढं कासाई रिनकाई बागेत १९८९ पासून मत्स्यालय आहे, त्यातल्या टाकीत ट्यूना माशांचे थवे फिरत असतात, आणि बाहेर ११७ मीटर उंचीचा पाळणा. पुण्या-सांगलीकडून नातवंडाला सांभाळायला आलेल्या आजी-आजोबांचा जपान बहुतेक वेळा एवढाच असतो: नव्वद दिवसांचा व्हिसा, ढकलगाडीत नातू आणि ग्योसेन बागेतली माकडं. त्यांनी स्कायट्रीचा मनोरा बघितला नाही म्हणून त्यांची कीव करणाऱ्यांनी एकदा त्यांच्याशी बोलून बघावं. रंगीबेरंगी टोप्या घातलेली पाळणाघरातली पोरं मोठ्या ढकलगाडीत उभी राहून कशी फिरायला निघतात, पुढं-मागं दोन पोरं बसवून आया सायकली कशा हाणतात, कोणत्या दुकानातलं दही आपल्यासारखं आंबट लागतं, हे त्यांना सगळं माहीत असतं. सहलीच्या बसमधून उतरून पुन्हा बसमध्ये चढलेल्याला यातलं काहीच माहीत नसतं.

दह्यावरून खाण्याची भीतीही निकालात काढता येते. पोर उपाशी राहील, हे आज्यांचं ठेवणीतलं अस्त्र. जपानी भात बुटका, मऊ आणि चिकट असतो. आपल्याकडं लहान मुलाला मुद्दाम गिचका भात करून देतात तसा तो जन्मतःच असतो. कोपऱ्यावरच्या कोणत्याही दुकानात साधं, बिनसाखरेचं दही मिळतं, केळं मिळतं. मीठ तेवढं बरोबर न्यावं, झाला दहीभात. हॉटेलांत मुलांसाठी वेगळं ताट मिळतं, भाताच्या छोट्या ढिगावर कागदी झेंडा रोवलेलं. निहोनबाशीच्या मित्सुकोशी स्टोअरनं ते १९३० मध्ये सुरू केलं. अडचण खरी येते ती माळकरी घराला. नुसत्या उकडलेल्या भाजीत आणि उडोन नूडल्सच्या पाण्यातसुद्धा माशाचा अर्क असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी भारतीय दुकान हाताशी असलेलं बरं. रविवारी तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या घरांनी मात्र ही सबब सांगू नये.

जपानात पोराला घेऊन सगळं लोण्यासारखं सरकतं, असं रीळांमधून दाखवणारी जी दुसरी टोळी आहे, तिचंही ऐकू नये. लिफ्ट असते, पण ती फलाटाच्या पार टोकाला असते आणि बाहेर पडल्यावर भलत्याच रस्त्यावर उघडते. शिंजुकू स्टेशनाला दोनशेहून अधिक दरवाजे आहेत. चुकीच्या दरवाज्यानं बाहेर आलेला बाप पोर खांद्यावर घेऊन अर्धा तास फिरतो. लिफ्टपुढं धडधाकट माणसांची रांग असते, ती बाजूला होईलच असं नाही. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नाहीतच, १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत झालेल्या सारिन वायूच्या हल्ल्यानंतर ते आणखी कमी झाले, त्यामुळं भिजलेले लंगोट पिशवीत बांधून दिवसभर पाठीवर वागवायचे. मिताकाच्या जिब्ली या ॲनिमेशनपटांच्या संग्रहालयात बाबागाडी दाराशी ठेवून आत शिरावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये टोकियोचा उकाडा पोराला घेऊन बाहेर पडण्यासारखा नाही, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सगळा जपानच सुट्टीवर असतो. जून पावसाचा. सुट्टीतच जायचं असेल तर आपल्या मेच्या सुट्टीतला दुसरा पंधरवडा किंवा दिवाळीच्या आसपासचे दिवस, एवढ्यात बसवावं. पासपोर्ट आणि व्हिसा पोराचाही वेगळा लागतो, हे शेवटच्या आठवड्यात आठवणारी कुटुंबं कमी नाहीत.

या अडचणींची यादी नीट बघितली तर तिच्यात पोराची चूक कुठंच नाही. जिना, डबा, रांग, ऊन. पोर आडवं येत नाही. शहर आडवं येतं. टोकियोनं त्यातलं बरंच काढून टाकलं, काही अजून तसंच आहे. आणि आपण मात्र तिथून परत आलो, की चहाच्या टपरीवर उभं राहून तिथल्या लोकांच्या शिस्तीचं वर्णन करतो. रांगा किती सरळ, रस्ते किती स्वच्छ. लंगोट बदलायचं टेबल बापांच्या स्वच्छतागृहातही असतं, हे सांगत नाही. सांगितलं तर पुढचा प्रश्न येईल, की मग आपल्याकडं का नाही?

आपल्याकडं काहीच नाही, असंही नाही. एस.टी.च्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष ठेवायची योजना महाराष्ट्राचीच आहे आणि ती चांगली आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीनं कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव तिला दिलं. त्या गोष्टीचं आपण तीनशे वर्षं कौतुक करतोय, पण त्यात दार कुणीच उघडलं नाही, हे आपल्याला खटकत नाही. आईनं कडा उतरावा, आपण बुरूज बांधू. बाबागाडी उचलून रेल्वेचा पूल चढणाऱ्या बाईला 'वाघीण आहे' म्हणणं ही त्याच कौतुकाची पुढची आवृत्ती आहे, आणि टोकियोतल्या आयांनी २०१४ च्या आधी नेमकं हेच कौतुक नाकारलं होतं.

इतक्या लहान पोराला घेऊन जपानला कशाला, असं विचारणाऱ्यांना म्हणून उलट एक काम सांगावं. कराड, सांगली, कोल्हापूर, स्वारगेट, जिथं कुठं गाडी बदलायची असेल तिथं उतरून हिरकणी कक्ष उघडा आहे का ते बघायचं. आत खुर्ची आहे का, पंखा फिरतो का, कडी लागते का. कुलूप असलं तर वाहतूक नियंत्रकाकडं किल्ली मागायची, आणि ती हातात पडेपर्यंत खिडकीपासून हलायचं नाही.